फोन हँग होतोय? रिसेट मारायच्या आधी हे करा, आणि दोष कंपनीचा आहे का तेही याच क्रमाने ठरवा

फोन हळू झाला की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एकतर कंपनीला शिव्या घालतात, नाहीतर थेट 'फॉरमॅट मारतात'. या दोन्ही शेवटी करायच्या गोष्टी आहेत. रिसेटने फोन चार दिवस पळतो, मग तेच ॲप, तेच ग्रुप परत येतात आणि महिन्याभरात पुन्हा तीच रड सुरू होते. शिवाय दोष खरंच कंपनीचा असेल, तर त्याचा पुरावाही रिसेटबरोबर पुसला जातो. हे मी स्वतःचा एक फोन घालवून शिकलो. तो किस्सा शेवटी येईल.

खालच्या कामाला निदान दोन संध्याकाळी आणि दोन-तीन रात्रींचं चार्जिंग लागतं. मेनूची नावं प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये थोडी वेगळी असतात. सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत 'स्टोरेज', 'बॅटरी' असा शब्द टाका. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका.

## पायरी १: मोजमाप आणि कागदपत्रं

'स्लो झालाय' ही तक्रार नाही, भावना आहे. आधी आकडा हवा.

फोन रीस्टार्ट करा आणि पाच मिनिटं हात लावू नका, कारण चालू होताना तो मागे बरंच काही उघडत असतो. मग दुसऱ्या फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करून आपल्या फोनवर तीन कामं करा: कॅमेरा उघडून पहिला फोटो काढणं, कॉलचं ॲप उघडून नंबर दाबणं, आणि मेसेजमध्ये एक ओळ टाइप करणं. कशाला किती सेकंद लागले ते तारखेसकट वहीत लिहा. व्हिडिओ त्या दुसऱ्याच फोनवर ठेवा.

याच पानावर मॉडेल, रॅम आणि स्टोरेज, अँड्रॉइडची आवृत्ती, सिक्युरिटी पॅचची तारीख, खरेदीची तारीख आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहा. आयएमईआय *#०६# डायल केलं की पडद्यावर दिसतो. बिल आजच शोधा. दुकानाचं बिल एटीएमच्या पावतीसारख्या थर्मल कागदावर असेल तर त्यावरची अक्षरं काही काळाने उडतात, म्हणून फोटो काढून स्वतःला ईमेल करा. ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरमधून पीडीएफ उतरवून घ्या.

मग बॅकअप. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण 'बॅकअप ऑन आहे' आणि 'बॅकअप झालाय' यांत फरक आहे. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये शेवटची तारीख पाहा. ती चार महिन्यांपूर्वीची निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. गूगलची पंधरा जीबी फुकट जागा भरली की बॅकअप अडतो, आणि ती सूचना कुणी वाचत नाही.

तपासा: संगणकावर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर आपलं खातं उघडून कालचा फोटो आणि अलीकडे सेव्ह केलेला एक नंबर तिथे दिसतो का ते पाहा. दोन्ही दिसल्याशिवाय काहीही डिलीट करायचं नाही.

## पायरी २: फोन हळू आहे की नेट?

ही दोन मिनिटांची पायरी आहे, पण ती सोडली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. एअरप्लेन मोड लावा आणि तीच तीन कामं पुन्हा करा. गॅलरीत जुने फोटो वर-खाली सरकवा, कॅल्क्युलेटर उघडा. हे सगळं सुरळीत चालत असेल आणि फक्त व्हिडिओ किंवा यूपीआय गोल गोल फिरत असेल, तर फोन ठीक आहे. सिम, वायफाय, टॉवर बघा. लेख इथेच सोडलात तरी चालेल.

## पायरी ३: जागा मोकळी करा, पण नीट

माझ्याकडे येणाऱ्या फोनांपैकी बहुतेकांचं दुखणं इथेच सापडतं.

कारण समजून घ्या. फोनमधल्या फ्लॅश मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक, म्हणजे मेमरीचा एक कप्पा, पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक भरपूर असले की काम पटकन होतं. नसले की फोन आधी इकडचं तिकडे हलवतो, मग पुसतो, मग लिहितो. ओटा भांड्यांनी भरलेला असताना पोळ्या लाटायला घेतल्या तर जे होतं तेच. स्वस्त फोनांत ईएमएमसी प्रकारची मेमरी असते, ती महाग फोनांतल्या यूएफएस मेमरीपेक्षा मुळात हळू, म्हणून तिथे हा त्रास जास्त जाणवतो. माझा ठोकताळा: एकूण जागेच्या पाचव्या हिश्श्याएवढी जागा रिकामी हवी. ६४ जीबीच्या फोनात बारा-तेरा जीबी.

मावशीचा फोन घेऊन बसलो तेव्हा ६४ पैकी १.१ जीबी शिल्लक होती. एकट्या व्हॉट्सॲपने २६ जीबी अडवलेली. भजनी मंडळाचा ग्रुप, दोन नातेवाइकांचे, एक सोसायटीचा, आणि आषाढीचा एकच व्हिडिओ चारही ग्रुपांतून चारदा उतरलेला. सुप्रभातचे गुलाब तर मोजायच्या पलीकडे. मावशीचं म्हणणं, "मी कुठे काय डाउनलोड केलं?" तिने काहीच केलं नव्हतं, फोन आपणहून उतरवत होता.

क्रम असा ठेवा:

१. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडून ऑटो-डाउनलोडमधल्या फोटो, व्हिडिओ, ऑडिओ सगळ्यांच्या खुणा काढा. आधी नळ बंद, मग लादी पुसा.

२. तिथेच 'मॅनेज स्टोरेज'मध्ये पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि 'अनेकदा फॉरवर्ड झालेलं' असे वेगळे ढीग लावलेले असतात. फॉरवर्डचा ढीग डोळे मिटून उडवा. मोठ्या फाइल मात्र एकेक बघा, त्यात बारशाचा व्हिडिओही असतो.

३. फाइल्स ॲपमधला डाउनलोड फोल्डर उघडा. एकाच वीजबिलाच्या सहा पीडीएफ सापडतील.

४. गॅलरीचा 'ट्रॅश' रिकामा करा. डिलीट केलेले फोटो बहुतेक फोनांत महिनाभर तिथेच पडून राहतात आणि जागाही अडवतात.

व्हॉट्सॲपमधली 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली म्हणजे फोटो उतरत नाहीत, असा एक समज पक्का बसलाय. ती बंद केल्याने फोटो फक्त गॅलरीत दिसत नाहीत. जागा तेवढीच जाते.

सावध: गूगल फोटोज ॲपमध्ये फोटो निवडून डिलीट दाबलं तर तो क्लाउडवरूनही जातो. फक्त फोनमधली जागा हवी असेल तर त्याच ॲपमधलं 'फ्री अप स्पेस' वापरा.

सावध: ॲपच्या माहितीत 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' शेजारी शेजारी असतात. कॅश म्हणजे ॲपच्या तात्पुरत्या फाइल, त्या पुसल्या तर काही बिघडत नाही. डेटा पुसला तर ॲप कोरं होतं: यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागते आणि बॅकअप नसेल तर व्हॉट्सॲपच्या गप्पा गेल्या. घाईत बोट चुकतं, म्हणून दाबण्याआधी शब्द वाचा.

तपासा: जागा मोकळी केल्यावर लगेच मोजू नका. फोन रात्रभर चार्जिंगला लावून न वापरता ठेवा. अँड्रॉइड मेमरीची साफसफाई अशाच निवांत वेळी करतं. सकाळी पायरी १ची तीन कामं पुन्हा मोजा. फरक पडला असेल तर इथेच थांबा.

## पायरी ४: सेफ मोड, म्हणजे खरी परीक्षा

ही पायरी जवळपास कुणालाच माहीत नसते आणि सगळ्यात जास्त उलगडा हीच करते. सेफ मोडमध्ये तुम्ही नंतर टाकलेलं एकही ॲप चालत नाही. फोन फक्त मूळ सामानावर चालतो.

बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर मेनू उघडून पडद्यावरच्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की सेफ मोडबद्दल विचारणा होते. काही फोनांत चालू होताना आवाज कमी करायचं बटण धरावं लागतं. कोपऱ्यात 'सेफ मोड' असं दिसलं की अर्धा तास वापरा आणि पुन्हा मोजा. आयफोनमध्ये अशी सोय नाही, आयफोनवाल्यांनी पुढच्या पायरीवर जावं.

सावध: सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली अलार्मची आणि औषधाची आठवण देणारी ॲपही बंद असतात. घरातल्या आजोबांच्या फोनवर ही परीक्षा रात्रभर सोडून देऊ नका. बाहेर पडायला साधं रीस्टार्ट पुरतं. होम स्क्रीनवरची विजेट पुन्हा लावावी लागू शकतात.

फोन सेफ मोडमध्ये पळाला, तर दोष कंपनीचा नाही, कुठल्यातरी ॲपचा आहे. शेवटी टाकलेल्यापासून मागे जात एकेक काढा. माझे नेहमीचे संशयित: 'बूस्टर' आणि 'क्लीनर' ॲप, दुसरा अँटिव्हायरस, थीम बदलणारे लाँचर. क्लीनर स्वतः सतत मागे चालत राहतो आणि जाहिराती दाखवतो. सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात क्लीन मास्टर आणि डीयू क्लीनरही होती. बंदीचं कारण सुरक्षेचं होतं, पण तेव्हापासून आमच्याकडचे दोन फोन हलके झाले हे खरं.

दुसरा प्रकार गंभीर आहे. लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी फाइल. ती उघडून इन्स्टॉल केली असेल तर फोन तापतो, हळू होतो, आणि तेवढ्यावर भागत नाही. ती एसएमएस वाचून ओटीपी पळवू शकते. अशी शंका आली तर हा क्रम: नेट बंद करा, 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या परवानग्यांतून अनोळखी नाव काढा, मग ॲप काढा, आणि बँकेचे पासवर्ड *दुसऱ्या* फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. स्लो फोनचं नंतर बघू.

जाता जाता, दिवसातून दहा वेळा 'रीसेंट'मधली सगळी ॲप वर सरकवून उडवायची सवय सोडा. प्रत्येक ॲप पुन्हा शून्यापासून उघडायला जास्त वेळ आणि जास्त बॅटरी लागते. एखादं अडकलं असेल तर तेवढंच उडवा.

## पायरी ५: उष्णता आणि बॅटरी

फोन तापला की तो मुद्दाम स्वतःचा वेग कमी करतो. हा बिघाड नाही, बचाव आहे. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश तापमान सांगितलंय. नागपूर-अकोल्यात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ला टेकतो. त्यात बाइकच्या हँडलवर नकाशा लावलेला, जाड रबरी कव्हर, वर चार्जिंग चालू, मग फोन हळू होणारच.

चाचणी सोपी आहे. कव्हर काढा, चार्जर काढा, पंख्याखाली वीस मिनिटं ठेवा आणि मोजा. गार फोन पळत असेल तर सवयी बदला. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

मग बॅटरी. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या बॅटरी विभागात 'बॅटरी हेल्थ' दिसतं. सॅमसंगमध्ये 'सॅमसंग मेंबर्स' ॲपमधल्या चाचण्यांत बॅटरीची स्थिती कळते. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली असेल, किंवा फोन तीस टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल, तर बाकी काही करण्याआधी अधिकृत ठिकाणी बॅटरी बदला.

सावध: मागचं झाकण उचललं गेलंय किंवा पडदा कडेने वर आलाय, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच बंद. दाबून बसवायला जाऊ नका.

## पायरी ६: अपडेटचा संशय

"अपडेट टाकलं आणि फोन मेला" ही तक्रार कधी खरी असते, कधी फक्त घाईची. मोठ्या अपडेटनंतर फोन सगळी ॲप नव्याने जुळवून घेतो आणि फोटोंची यादी पुन्हा लावतो. त्या काळात तो तापतो आणि अडखळतो. दोन-तीन रात्री चार्जिंगला लावून थांबा, मगच मोजा. अपडेटची तारीख वहीत हवीच. मागच्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय सहसा नसते, म्हणून जुन्या फोनवर मोठं अपडेट टाकण्याआधी जागा मोकळी करणं आणि वेळ मोजून ठेवणं ही शहाणपणाची गोष्ट.

इथेच 'व्हर्च्युअल रॅम' किंवा 'रॅम प्लस'ही बघा. काही फोनांच्या खोक्यावर आठ जीबी लिहिलेलं असतं, त्यातली खरी चारच असते. उरलेली स्टोरेजमधून उसनी घेतलेली. हळू मेमरीच्या फोनात ही उसनवारी उलटी पडू शकते. बंद करून, रीस्टार्ट करून दोन दिवस पाहा.

## पायरी ७: रिसेट, पण उपाय म्हणून नव्हे, चाचणी म्हणून

इथवर येऊनही फोन हळूच असेल तर आता रिसेट. त्याआधी सध्याच्या अवस्थेचा नवा व्हिडिओ काढा. गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून, दुसऱ्या फोनवर लॉगिन करून खात्री करा. तो आठवला नाही तर रिसेटनंतर फोन त्याच खात्याचा पासवर्ड मागत अडून बसेल. लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्याचे कोड आधी हलवा. मेमरी कार्ड बाहेर काढून ठेवा.

आता सगळ्यात मोठी चूक: रिसेट झाल्याझाल्या 'जुन्या फोनवरून सगळं परत आणा' दाबणं. मग चाचणीच होत नाही. काहीही परत आणू नका. कोरा फोन मूळ अपडेटसह एक रात्र चार्जिंगला ठेवा आणि सकाळी तीच तीन कामं मोजा.

कोरा फोन पळाला, तर गर्दी आपली होती. ॲप पाच-पाचच्या गटाने टाका आणि प्रत्येक गटानंतर एक दिवस जाऊ द्या. कोरा फोनही अडखळत असेल, तरच पुढे या.

## पायरी ८: दोष कंपनीचा आहे का?

कंपन्या फोन हळू करत नाहीत, असं म्हणायला जागा उरलेली नाही. डिसेंबर २०१७मध्ये ॲपलने कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनांचा वेग सॉफ्टवेअर कमी करत होतं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केलं, असं कारण दिलं. कारणात तथ्य होतं. लोकांना सांगितलं नाही, हा गुन्हा. ऑक्टोबर २०१८मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. फ्रान्सने २०२०मध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड लावला.

२०२२च्या मार्चमधलं सॅमसंगचं प्रकरण आपल्या कामाचं आहे. फोनमधली एक सेवा बऱ्याच ॲपचा वेग आवरत होती, पण फोनच्या वेगाला गुण देणाऱ्या बेंचमार्क ॲपना हात लावत नव्हती. म्हणून गुणांचा स्क्रीनशॉट घेऊन सर्व्हिस सेंटरला भांडायला जाऊ नका. त्या आकड्यावरून तुमचा कॅमेरा चार सेकंद का घेतो ते कळत नाही. तुमचा व्हिडिओ त्याहून भारी पुरावा आहे.

माझा निवाडा असा. फोन वॉरंटीत आहे आणि कोरा असतानाही हळू आहे: कंपनीकडे जा, मेमरी किंवा बोर्ड सदोष असू शकतो. अपडेटच्या आधी आणि नंतरची मोजमापं तुमच्याकडे आहेत आणि बॅटरी चांगली आहे: कंपनीला जाब विचारा. न काढता येणारी ॲप आणि सेटिंग्जमध्येही जाहिराती: दोष शंभर टक्के कंपनीचा, पण त्यावर भरपाई मिळणं अवघड, ती ॲप 'डिसेबल' करा आणि पुढचा फोन दुसऱ्याचा घ्या. पाच वर्षांचा, चार जीबी रॅमचा फोन आजची ॲप ओढताना धापा टाकतोय: हा कुणाचाच दोष नाही.

## पायरी ९: तक्रार कशी लिहायची

आता तो किस्सा. माझा सात महिन्यांचा फोन अपडेटनंतर अडखळू लागला. मी वैतागून आधी रिसेट मारला, मग सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने पाच मिनिटं चाळून पाहिला, जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या पावतीवर, 'स्लो, सॉफ्टवेअर अपडेट केले' असं लिहून परत दिला. अडखळणं दोन दिवसांनी परत आलं, पण आधीचा फोन कसा होता हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तीन चकरा मारल्या आणि सोडून दिलं.

तुम्ही असं करा. जॉब शीटवर 'स्लो' लिहू देऊ नका. 'कोऱ्या फोनवर कॅमेरा उघडायला सहा सेकंद, अमुक तारखेच्या अपडेटनंतर, व्हिडिओ दाखवला' असं लिहून घ्या. आयएमईआय बरोबर आहे ना ते पाहा, प्रत घ्या. स्क्रीनचा पिन देऊ नका; बऱ्याच नव्या फोनांत दुरुस्तीसाठी वेगळा 'मेंटेनन्स' किंवा 'रिपेअर' मोड असतो, तो लावून द्या. त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा आणि जॉब शीटचा फोटो जोडा. तोंडी आश्वासनं कुठेच चालत नाहीत.

दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा. नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

दुरुस्त झालेला फोन घ्यायला जाल तेव्हा वही सोबत न्या. काउंटरवर उभ्या उभ्या कॅमेरा उघडा, सेकंद मोजा, तो आकडा जॉब शीटवर लिहायला लावा. 'फोन समाधानकारक मिळाला' या ओळीखाली सही त्यानंतर करायची.